मानसशास्त्र घेतलं खरं, पण वर्गात मन कमी आणि आकडेच जास्त. पुढे काय?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. पदवीचं पहिलं वर्ष चालू आहे, मुख्य विषय मानसशास्त्र. विषय घेताना डोक्यात होतं की स्वप्नं, स्वभाव, नातेसंबंध असलं काहीतरी शिकायला मिळेल. फ्रॉईड आला कधी न् गेला कधी कळलंही नाही, आणि तेव्हापासून सरासरी, प्रमाण विचलन, नियंत्रित गट, प्रायोगिक गट हेच चाललंय. प्रॅक्टिकलला हिरव्या शाईत 'लाल' असं लिहिलेलं असतं, त्याचा रंग सांगायचा आणि जोडीदारणीने घड्याळ लावून सेकंद मोजायचे.

घरी दोन तट पडलेत. मामाचं म्हणणं, "डॉक्टर होणार नाहीस, मग लोकांना बरं कसं करणार?" मावशी म्हणते, "काउन्सेलर हो, तू ऐकून छान घेतेस." मैत्रिणींनी तर आत्ताच माझा दवाखाना उघडून दिलाय, रात्री-अपरात्री फोन करून ब्रेकअप सांगतात.

तर हे आकड्यांचं प्रकरण पहिल्या वर्षापुरतं आहे की शेवटपर्यंत? नुसत्या पदवीवर काही काम मिळतं का? आणि समुपदेशन सोडून या विषयातली माणसं करतात तरी काय? वर्ष संपायच्या आत विषय बदलता येतो, म्हणून आत्ताच विचारतेय.

मधली_सुट्टी
आधी हे सांग, मी आत्ता काय विचार करतोय? (ह. घ्या.)

निळी_शाई
@मधली_सुट्टी, "हिला चिडवल्यावर ही काय उत्तर देईल" हाच. फी नंतर पाठवा.

रानजाई
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, रुग्णालयात काम करते. आकडे शेवटपर्यंत आहेत गं. पहिल्या वर्षी ते उघडे दिसतात, पुढे कामात मुरतात, एवढाच फरक.

माझा बराचसा वेळ मुलांच्या चाचण्यांत जातो. समजा समोर नऊ वर्षांचा मुलगा बसलाय. शाळा म्हणते लक्ष देत नाही, आई म्हणते हुशार आहे पण आळशी. मी आकडे म्हणते, त्याने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. सेकंदाला एक आकडा, सपाट आवाजात. दोन-दोन आकडे जोडून म्हटले तर ते लक्षात ठेवणं सोपं जातं, आणि मग त्याचे गुण त्याच्या वयाच्या इतर मुलांशी ताडून बघण्यात काही अर्थ राहत नाही. पुढे ठोकळ्यांची नक्षी. इथे घड्याळ चालू असतं. दोन-तीन नक्ष्या झाल्यावर तो ठोकळ्यांपेक्षा घड्याळाकडेच जास्त बघायला लागतो आणि "मला नाही येत" म्हणून हात मागे घेतो. घड्याळ नसलेल्या कामात मात्र तोच मुलगा सुसाट. गुणांच्या तक्त्यात याला रकाना नाही, ते मी कागदाच्या कडेला लिहून ठेवते. कित्येकदा अहवालातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य त्या कडेवरूनच येतं.

आणि अहवालात 'बुद्ध्यांक ९७' असं सुटं लिहून भागत नाही. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५, म्हणजे साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये. शिवाय ९७ हा काही दगडावर कोरलेला आकडा नव्हे. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली असती तर चार गुण इकडेतिकडे झाले असते, म्हणून आम्ही पट्टा देतो, म्हणजे अमुक ते अमुक असं. हे त्या आईला घाबरवून न सोडता समजवायचं तर आधी मला स्वतःला आरपार कळलेलं हवं.

आता मामांचं. सायकिअ‍ॅट्रिस्ट आधी वैद्यकीय पदवी घेतो, मग मनोविकारांत विशेष शिक्षण. औषधं तो लिहितो. मानसशास्त्रज्ञाला तो अधिकार बहुतेक देशांत नाही, न्यू मेक्सिकोसारख्या अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांनी जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना २००२ पासून द्यायला सुरुवात केली तेवढा अपवाद. आमचं काम मूल्यमापन आणि बोलण्या-वागण्यातून उपचार. फोबिया, पॅनिक, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा) अशा त्रासांत या उपचारांचे पुरावे भक्कम आहेत. तेव्हा औषधाशिवाय बरं करताच येत नाही, ही मामांची समजूत काढून टाक.

मात्र हे काम नुसत्या पदवीवर करता येत नाही, करूही नये. पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं प्रशिक्षण आणि मग नोंदणी. देशागणिक नियम बदलतात: ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला डॉक्टरेटच्या पातळीचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, अमेरिकेत स्वतंत्र व्यवसायाला बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागते, भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे होते. कुठेही गेलीस तरी बारावीनंतरची बरीच वर्षं धरून चाल.

तिरकस
धाग्यात पाणी टाकतो, राग मानू नका. ज्याला हे शास्त्र म्हणतात त्याची २०१५ साली काय अवस्था निघाली ते धागाकर्तीला कुणी सांगणार आहे का? नामांकित जर्नलांमधले १०० अभ्यास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी पुन्हा करून बघितले. मूळ शोधनिबंधांत ९७ टक्क्यांचे निकाल लक्षणीय (नुसत्या योगायोगाने सहसा न येणारे) होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं निम्म्याहून जास्त वाऱ्यावर! स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा तो प्रसिद्ध प्रयोग घ्या, १९७१ चा. दोन आठवड्यांचा होता, सहा दिवसांत गुंडाळला, आणि पुढे ध्वनिमुद्रणं तपासली तर पहारेकऱ्यांना कडक वागायला शिकवलेलं निघालं. यापेक्षा संख्याशास्त्र घ्या सरळ.

सांख्यिक
@तिरकस, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. त्या १०० मध्ये जे टिकले नाहीत ते सगळे खोटे ठरले असं नाही, काही ठिकाणी पुन्हा केलेला प्रयोगही फसलेला असू शकतो. आणि ते १०० म्हणजे काही अख्खं पाठ्यपुस्तक नव्हे. पण ते सोडा. ही तपासणी केली कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच. स्वतःच्या घराची झडती घेऊन निकाल चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागतं. त्यानंतर गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत आधीच नोंदवून ठेवायची, कच्च्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या करायच्या, निकाल येण्याआधीच निबंध स्वीकारायचा, या पद्धती तिथे जोमाने रुजल्या.

निळी_शाई, तुमचं ते हिरव्या शाईतलं 'लाल' म्हणजे स्ट्रूपचा प्रयोग, १९३५ चा. शब्द आणि शाई जुळत नसली की रंग सांगायला जास्त वेळ लागतो. कुठेही, कुणावरही करा, परिणाम दिसतो. उलट इच्छाशक्ती वापरली की संपते या गाजलेल्या कल्पनेचा २०१६ मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून प्रयोग केला, तर परिणाम जवळपास शून्य. कुठला प्रयोग टिकाऊ आणि कुठला ठिसूळ, हे ओळखायला शिकवणारा विषय आवडेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. स्वभाव ओळखायला आवडतो का, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही.

एक गृहपाठ देतो. वर्गाच्या सगळ्या नोंदी एकत्र करा आणि कुणाचा निकाल इतरांपेक्षा वेगळा आलाय ते बघा.

पडवी
+१. 'पी ०.०५ पेक्षा कमी आला', म्हणजे निकाल लक्षणीय ठरला, म्हणून नाचणाऱ्या भल्याभल्यांनी हा प्रतिसाद वाचावा.

गोधडी
मीही विचारून घेते. माझा मुलगा फार हळवा आहे. वर्गातलं कुणी रडत असेल तर हा जेवत नाही. सगळे म्हणतात याने मानसशास्त्रच घ्यावं. त्याला जमेल ना?

ओंजळ
गोधडीताई, मी शाळेत समुपदेशक आहे. विषय जमेल. त्यातली नोकरी जमेल का, हे त्याच्या जेवणावरून ठरेल. चेष्टा करत नाही. आमच्याकडे एका दिवसात एका मुलीच्या घरचं भांडण, एकाचं परीक्षेचं भय, एकाला मित्रांनी वाळीत टाकलेलं, असं एकापाठोपाठ येतं, आणि दुसऱ्यासाठी पहिल्याला थोडा वेळ बाजूला ठेवता यावं लागतं. हे शिकता येतं. म्हणून तर पर्यवेक्षण असतं, आपल्याहून अनुभवी माणसापुढे आपल्या केसेस मांडायच्या आणि आपण कुठे वाहवलो ते ऐकायचं. पण 'माझं मूल हळवं आहे' एवढ्यावर करिअर ठरवू नका. माझ्या बरोबरीच्या काही उत्तम समुपदेशकांना तुम्ही भेटलात तर जरा रुक्षच वाटतील.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर गप्पा मारतो. शिक्षकांना भेटणं, पालकांना बोलावणं, नोंदी ठेवणं, गरज पडेल तिथे पुढे पाठवणं यातच अर्धा दिवस जातो. गोपनीयता पाळतो, पण तिलाही मर्यादा आहे: मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर गप्प बसता येत नाही. हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगून टाकायचं.

निळी_शाई, तुझ्या त्या रात्रीच्या फोनांबद्दल. मैत्रीण म्हणून ऐक, समुपदेशक म्हणून नको. आम्हीसुद्धा मित्रमैत्रिणींना आणि नातलगांना सेवा देत नाही, कारण दोन नाती एकात मिसळली की दोन्ही बिघडतात. आणि कुणी जीव द्यायची भाषा केली तर ते गुपित स्वतःकडे ठेवू नकोस. तिच्या घरच्या मोठ्या माणसाला सांग, तज्ज्ञांकडे ने. ती रागावली तरी चालेल.

निळी_शाई
ओंजळताई, शेवटचं वाचून जरा हायसं वाटलं. मला वाटत होतं नाही म्हटलं तर मी या विषयाच्या लायकीची नाही.

पिंपळपान
समुपदेशनाबाहेरचं मी सांगते. माझं क्षेत्र औद्योगिक मानसशास्त्र. कंपन्यांना भरतीच्या पद्धती बसवून देते.

नेहमीची मुलाखत आठवा. साहेब विचारतात कुठलं कॉलेज, क्रिकेट बघता का, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. उमेदवार बाहेर गेल्यावर म्हणतात, "मुलगा बरा वाटतो." आम्ही काय करतो? आधी त्या कामात नेमकं काय करावं लागतं ते लिहून काढतो. मग सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला लगेच गुण, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी आपापले गुण लिहून झाल्याशिवाय आपसात बोलायचं नाही. हे शेवटचं पाळायला लावणं सगळ्यात कठीण! दार लागताच मोठे साहेब "काय म्हणता?" म्हणून सुरू होतात आणि बाकीच्यांची पेन्सिल त्यांच्या मताकडे झुकते.

असं केल्याने फरक पडतो का? श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा मांडला. त्यात ठरीव प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली, आणि हस्ताक्षरावरून माणूस ओळखणं जवळपास शून्यावर होतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित पुन्हा तपासलं. बरेच आकडे खाली आले, पण ठरीव मुलाखत यादीत वरच राहिली. हे वाचून नीट समजणारी व्यक्ती कंपनीत एखादीच असते, आणि बहुतेकदा ती मानसशास्त्र शिकलेली असते.

नुसत्या पदवीवर मनुष्यबळ विभागात शिरता येतं. चाचण्या बनवणं, सल्लागारी यासाठी मात्र पदव्युत्तर हवं.

मधली_सुट्टी
म्हणजे ते व्यक्तिमत्त्वाचे चार अक्षरांचे प्रकार सांगणारे वर्कशॉप वाया? माझे तर तंतोतंत जुळले होते!

पिंपळपान
@मधली_सुट्टी, १९४८ मध्ये फोरर नावाच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. किती जुळतं ते ५ पैकी विचारलं, सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला कागद एकच होता. तुमचा कागद जपून ठेवा.

घारू
मी संगणकवाल्यांच्या कळपात आहे, पण शिक्षण मानसशास्त्राचं. ॲप किंवा वेबसाइट लोकांना वापरता येते का हे बघणं माझं काम. यूएक्स रिसर्च म्हणतात त्याला.

समोर एक बाई फॉर्म भरतायत. मी सांगितलंय, मनात येईल ते मोठ्याने बोला. जन्मतारखेच्या रकान्यात त्या अडकतात. आधी दिवस टाकतात, लाल रेघ. मग महिना, परत लाल रेघ. चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. माझ्या शेजारी बसलेला प्रोग्रामर खुर्चीत चुळबुळतोय, त्याला सांगावंसं वाटतंय, पण सांगायचं नाही असा नियम. शेवटी त्या कसाबसा फॉर्म पूर्ण करतात. मी विचारते, कसा वाटला? "छान आहे की, सोपा आहे." माणूस काय सांगतो आणि काय करतो यातलं अंतर मोजायला मला ते प्रॅक्टिकलचे तास उपयोगी पडले. मुलाखतीतले प्रश्न असे विचारायचे की उत्तर आपणच त्याच्या तोंडी घालत नाही, हेही तिथेच शिकले.

या कामाचे पूर्वज विमानांत सापडतील. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपा मिटायच्या ऐवजी चाकंच आत घेत. वैमानिकांना दोष देऊन झाला. मग अल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं, तर दोन्ही कळी शेजारी-शेजारी आणि सारख्याच. चाकांच्या कळीवर रबरी चाक आणि झडपांच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा बसवला, हाताला न बघता कळावं म्हणून. आजच्या विमानांतही चाकांची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

रानजाईताईंशी एका बाबतीत थोडी असहमत. पदवीनंतर थेट कामाला लागलेले माझ्या क्षेत्रात बरेच आहेत. दोन-तीन प्रकल्प स्वतः करून दाखवता आले की काम मिळतं.

रानजाई
घारू, असहमती कुठे आहे यात? फॉर्म बिघडला तर बाईंचा वेळ जातो. उपचार बिघडला तर माणूस हातचा जातो. म्हणून आमच्याकडे अडथळे जास्त. त्या शनिवार-रविवारच्या 'काउन्सेलर व्हा' छापाच्या प्रमाणपत्रांचा मला राग येतो तो यासाठीच.

खडीसाखर
गुन्हेगारी मानसशास्त्राबद्दल कुणी बोलत नाहीये. खुन्याचं प्रोफाइल काढायचं वगैरे? मला त्यातच जायचंय.

निवृत्त_मास्तर
खडीसाखर बाळ, मालिकांमध्ये दाखवतात ते काम वाट्याला येणारी माणसं फार थोडी. न्यायालयाशी संबंधित मानसशास्त्रज्ञाचा खरा दिवस असा: आरोपी खटला समजण्याच्या मनःस्थितीत आहे का ते तपासणं, तुरुंगातल्या माणसाच्या पुन्हा गुन्हा करण्याच्या शक्यतेचं मूल्यमापन, मुलांच्या ताब्याच्या वादात अहवाल, आणि साक्षीदारांच्या स्मरणशक्तीबद्दल तज्ज्ञ म्हणून मत. यातलं शेवटचं मला वर्गात शिकवायला फार आवडे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फीत दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या ५० जणांना विचारलं, गाड्यांचा 'चक्काचूर झाला' तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फितीत काच नव्हतीच. पहिल्या गटात ७ जण हो म्हणाले, दुसऱ्यात १६. पोलीस साक्षीदाराला कुठल्या शब्दांत विचारतो, यावर एखाद्याची सुटका अवलंबून असते.

निळी_शाईस थोडा इतिहास. तुला घड्याळाचा वैताग आलाय, पण विषयाचा जन्मच घड्याळापाशी झाला. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथे प्रतिक्रियेला लागणारा वेळच मोजत. त्यांच्याकडे शिकलेल्या लायटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय काढलं. पहिला रुग्ण कोण, तर शुद्धलेखन काही केल्या जमत नसलेला शाळकरी मुलगा. रानजाईंच्या खोलीत बसतात त्यांच्यातलाच.

आणि स्वप्नं हवी होती ना तुला? ॲरन बेक हे सायकिअ‍ॅट्रिस्ट फ्रॉईडच्या परंपरेत तयार झालेले. निराशेच्या रुग्णाचा राग स्वतःवरच उलटलेला असतो, हे त्या परंपरेचं म्हणणं सिद्ध करायला ते रुग्णांची स्वप्नं तपासायला बसले. राग अपेक्षेइतका सापडेना. सापडलं ते हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. तिथून ते रुग्णाच्या जागेपणीच्या विचारांकडे वळले आणि १९६० च्या दशकात त्यातून कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे रुग्णाचे विचार तपासून करायचा उपचार, उभी राहिली. स्वप्नंही मोजली, म्हणून हाती काही लागलं.

तिरकस
मास्तर, बेकचं माहीत नव्हतं. हा किस्सा वाचून माझा विरोध दोन अंशांनी उतरला. जास्त नाही.

निळी_शाई
सांख्यिककाका, गृहपाठ केला! वर्गातल्या सगळ्यांना चुकीच्या शाईच्या शब्दांना जास्त वेळ लागलाय, एक मुलगी सोडून. तिचा वेळ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. आधी वाटलं हिची एकाग्रता काय जबरदस्त! मग तिलाच जाऊन विचारलं. ती म्हणाली, "मी डोळे किलकिले करत होते. अक्षरं पुसट झाली की वाचावी लागत नाहीत, रंग पटकन दिसतो." आता ही नोंद काढून टाकू का? बाई म्हणतात काढ.

सांख्यिक
वा! तुम्ही विचारायला गेलात हेच महत्त्वाचं. नोंद परस्पर काढू नका. तिच्यासकट एक निकाल द्या, तिला वगळून दुसरा द्या, आणि का वगळलं ते एका ओळीत लिहा. बाईंनाही तसंच दाखवा, त्यांची ना असणार नाही. पुढच्या खेपेला सूचनापत्रातच घाला की डोळे नेहमीसारखे उघडे ठेवून बघायचं. आणि अहवालाच्या चर्चेत तिची युक्ती जरूर लिहा. शब्द वाचला गेला नाही तर अडथळा नाहीसा होतो, म्हणजे अडथळा वाचण्यामुळेच येतो, याला तिने आयता दुजोरा दिलाय. एका मुलीवरून सिद्ध होत नाही, पण पुढचा प्रयोग यातून सुचतो.

पडवी
सगळ्यांना मुद्दाम डोळे किलकिले करायला लावून पुन्हा मोजायचं. केलंस तर इथे टाक.

निळी_शाई
पुढच्या प्रॅक्टिकलला विचारते. विषय बदलायचा अर्ज तूर्त भरत नाहीये. अजून दोन शंका. आकडेमोडीसाठी आम्हाला एसपीएसएस हे सॉफ्टवेअर शिकवतात, सीनियर म्हणतात 'आर' ही संगणकाची भाषा शिका. आणि पदव्युत्तरसाठी कॉलेज निवडताना माहितीपत्रकात सगळेच 'उत्तम प्लेसमेंट' लिहितात, मग बघायचं काय?

सांख्यिक
परीक्षेपुरतं एसपीएसएस, स्वतःसाठी आर. आर फुकट आहे, आणि काय केलं याची प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. सहा महिन्यांनी स्वतःचंच काम उलगडायचं असतं तेव्हा ते कळतं. घारूंच्या क्षेत्रातही चालेल.

घारू
चालेल नाही, लागेल. त्याबरोबर लिहायची सवय ठेव. दहा पानी निष्कर्ष कुणी वाचत नाही, अर्ध्या पानात सांगता यायला हवं.

रानजाई
कॉलेजबद्दल. माहितीपत्रक बाजूला ठेव आणि तिथे शिकत असलेल्या दोघी-तिघींना गाठ. विचार की प्रत्यक्ष माणसांबरोबर किती काम करायला मिळतं आणि ते कुणाच्या देखरेखीखाली. देखरेख करणारी व्यक्ती स्वतः नोंदणीकृत आहे का? दर आठवड्याला वेळ देते की सही करण्यापुरती भेटते? चाचण्यांचे संच हाताळायला मिळतात की कपाटात कुलूपबंद? क्लिनिकलला जायचं असेल तर तो अभ्यासक्रम नोंदणीसाठी मान्यताप्राप्त आहे का, हे नोंदणी करणाऱ्या संस्थेच्याच यादीत बघ, कॉलेजच्या शब्दावर जाऊ नकोस. नाव मोठं आणि देखरेख नाही अशा ठिकाणाहून आलेल्या मुलींना आम्हाला चाचणी कशी मांडायची इथपासून शिकवावं लागतं.

ओंजळ
त्यात एक भर. प्रवेशाआधी एखाद्या शाळेत किंवा संस्थेत थोडे दिवस नुसतं मदतीला जा. फाइली लावायला मिळाल्या तरी चालेल, कुणी उपचार करायला सांगितले तर मात्र तिथून निघ.